अकरा खोल्यांची कादंबरी

१४ ऑगस्ट २०१७, हॅमिल्टन, कॅनडा

सुनंदाचा लॅपटॉप आज उघडला. तिला जाऊन नऊ महिने होतील. इतके दिवस तो जेवणाच्या टेबलाच्या कडेला बंद पडून होता आणि मी त्याच्यावर वर्तमानपत्रं ठेवत होतो.

ती कादंबरी लिहिते आहे हे मला ठाऊक होतं. काय लिहिते ते मी विचारलं नव्हतं. माणसाने आपल्या टेबलाशी बसावं, दुसऱ्याच्या टेबलात डोकावू नये, असं माझं मत. स्टील प्लांटमध्ये तीस वर्षं धातूंचे नमुने तपासले, तेव्हाही शेजारच्याच्या नमुन्याकडे कधी पाहिलं नाही. तिनेही आपणहून दाखवलं नाही. मग पोटात दुखायला लागलं, निदान झालं, आणि दिवाळी सरता सरता ती गेलीच.

सगळं शाबूत आहे. अकरा प्रकरणं, अकरा फाइली. वर्षश्राद्धाला लोक स्टीलच्या वाट्या वाटतात, नाहीतर स्तोत्रांची छोटी पुस्तकं. मी ठरवलं, सुनंदाची कादंबरी छापून वाटायची. वाट्या सगळ्यांकडे आहेत.

२० ऑगस्ट

प्रत्येक प्रकरणाला तिने घराच्या एकेका भागाचं नाव दिलं आहे आणि फाइलीलाही तेच. आकडे कुठेच घातलेले नाहीत. अंगण, ओसरी, कोठी, खिडकी, जिना, तळघर, दार, देवघर, माळा, शेजघर, स्वयंपाकघर.

पुण्याच्या छापखान्याला एकच सलग फाइल हवी आहे. संजयला फोन केला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरेला. आमचा मुलगा चाळिशी ओलांडून गेला, तरी माझ्याशी कॉम्प्युटरबद्दल बोलताना तो कनिष्ठ कामगाराला समजावतो तसा बोलतो. "बाबा, सगळ्या फाइल्स सिलेक्ट करा अँड जस्ट कम्बाइन. इट्स इडियट-प्रूफ."

खरंच तसं निघालं. एक बटण दाबलं आणि कॉम्प्युटरने सगळं ओळीने लावून दिलं. मी क्रमाला हातसुद्धा लावला नाही. तिच्या कामात माझी ढवळाढवळ उगाच कशाला?

९ सप्टेंबर

छापायची प्रत तपासून झाली. म्हणजे वेलांट्या आणि अनुस्वार तपासून झाले. सुनंदाच्या ऱ्हस्वदीर्घाचा आनंदच होता. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावण्यात आयुष्य गेलं, मराठी लिहायची वेळ यायची ती फक्त माहेरच्या पत्रात.

तपासता तपासता वाचलीही. आता इथे खरं लिहायला हरकत नाही: मला ती नीटशी कळली नाही.

भुताची गोष्ट आहे. डोंगराच्या कड्यावर एक मोठं दगडी घर, खाली कारखान्याच्या भट्ट्यांचा लाल उजेड. (आमचं घर विटांचं आहे आणि आम्हाला माळा नाही, त्यामुळे हे घर तिने कल्पनेनेच बांधलं.) घरात एक बाई आणि तिचा नवरा. दोघांनाही नावं नाहीत. बाई ज्या खोलीतून बाहेर पडेल त्या खोलीतला दिवा तिच्यामागे आपोआप मालवतो. कधी ती खोलीत असतानाच मालवतो. तिला वाटतं घरात कुणीतरी आहे. इथपर्यंत ठीक. पण पुस्तक सुरू होतं तेच बर्फातल्या पावलांपासून, ती कुणाची, का उमटली, काही पत्ता नाही. दुसऱ्या प्रकरणात ती सामान बांधून ओसरीत रात्रभर बसते. कशाची वाट बघते ते समजत नाही. सातव्यात घर सोडून निघून जाते. आठव्यात देवघरात उदबत्ती लावत असते, जणू काही झालंच नाही. नवरा सबंध पुस्तकात जवळजवळ "उगाच कशाला?" एवढंच बोलतो. त्या पात्राला जरा संवाद हवे होते.

सुनंदाचं बोलणंही असंच होतं. कुठूनतरी सुरू व्हायची. मी म्हणायचो, आधी काय झालं ते आधी सांग. मग ती राहू दे म्हणायची.

शेवट मात्र मला फार आवडला. स्वयंपाकघरात बाई ताट वाढते, नवरा पहिला घास घेतो आणि म्हणतो, "मीठ बरोबर आहे." आणि ती ओंजळीत तोंड लपवून हसते. संपलं. एवढ्या अंधारातून शेवटी ती जेवणाच्या पानाशी आली. ते पान मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा एकही चूक शोधली नाही, नुसतंच वाचलं. आमचं चांगलं चाललं होतं, असंच तिला म्हणायचं असणार. कधी बोलली नाही, पण लिहून ठेवलं.

२ ऑक्टोबर

छापखान्याला पाठवली. नाव तिचंच ठेवलंय: 'कड्यावरचं घर'. मी चार ओळींची प्रस्तावना लिहिली आणि त्यात म्हटलं की ही कथा अंधारातून घरच्या पानाकडे येते. वाक्य बरं जमलं असं वाटतं.

१८ नोव्हेंबर

वर्षश्राद्ध झालं. संजय, सून आणि नात केया सरेहून आली होती. मराठी मंडळातली पुष्कळ मंडळी आली. मिसिसागाहून भाऊसाहेब आले, ते वॉकर घेऊन जिना चढले. प्रत्येकाच्या हातात जाताना पुस्तक ठेवलं. सगळ्यांनी कपाळाला लावून घेतलं. कपाळाला लावलेलं पुस्तक कितीजण उघडतात देव जाणे.

आयव्हीही आली होती. ती हॉस्पिटलमध्ये नर्स होती, सुनंदा लॅबमध्ये. वसईची आयव्ही आणि साताऱ्याची सुनंदा, दोघींची भेट झाली हॅमिल्टनच्या कॅफेटेरियात, मराठी ऐकून. रिटायर झाल्यावर दर मंगळवारी सुनंदा आयव्हीच्या किचनमध्ये जाऊन बसायची. काय बोलत असतील इतकं, असं मला वाटायचं. आयव्हीने पुस्तक तिथेच उघडलं, पहिलं पान वाचलं, मग एकदम शेवटचं. मग माझ्याकडे पाहिलं.

"असं छापलं होय?" ती म्हणाली.

"का? कागद बरा नाही का?"

"नाही, नाही. ब्यूटिफुल छापलंय, भाऊ." आणि कोट घालून निघून गेली. जेवलीसुद्धा नाही.

केया आता बारा वर्षांची आहे. वॉशरूममधून ओरडत बाहेर आली, "आजोबा, व्हाय डू यू ऑलवेज टर्न ऑफ द लाइट? आय वॉज स्टिल इन देअर!" ही मुलं प्रत्येक खोलीत दिवे जाळत फिरतात. मी मागून जाऊन बंद करत राहतो. सांगून उपयोग नाही.

१० डिसेंबर

पुस्तकाबद्दल कुणाचाही फोन नाही. देवळात एकीने विचारलं, "काकूंची ती गोष्ट खरी आहे का हो?" मी म्हटलं, भुताची गोष्ट खरी कशी असेल? ती म्हणाली, नाही, म्हणजे मला समजलीच नाही म्हणून विचारलं.

२१ जानेवारी २०१८

मंडळाचं त्रैमासिक आलं. नंदनने परीक्षण लिहिलं आहे. हा नंदन चाळिशीचा, दिवसा बँकेत आणि संध्याकाळी संपादक. सुनंदाच्या हातचे अनरसे खाल्लेला मुलगा. सौम्य लिहील असं वाटलं होतं. त्याने मृत्यूचा मान राखून दोन परिच्छेद लिहिले आणि मग सुरी काढली.

"वातावरणनिर्मिती लक्षणीय. परंतु शैलीचा गोंधळ वाचकाला बाहेर ढकलत राहतो. नायिका सातव्या प्रकरणात घर सोडते आणि आठव्यात घरातच असते. घरात भूत आहे की नाही हे लेखिकेलाच ठरवता आलेलं नाही. कॅनडातल्या घराला ओसरी आणि कोठी कशासाठी? आणि इतकी भीती साठवून कथा शेवटी मिठावर येऊन संपते. एक मोठी शक्यता हाताशी आली होती. ती वाया गेली."

वाया गेली! चुलीवर उतू गेलेलं दूध आहे का ते?

राग आला. रागाबरोबर दुसरंही काही आलं. त्याचं म्हणणं मला पटतं. मला स्वतःला ती समजली नव्हती. फक्त शेवटाबद्दल तो चुकला आहे, आणि नेमकी तीच गोष्ट मला सहन होत नाही.

२३ जानेवारी

उत्तर लिहायला बसलो. एकट्याच्या सहीने नवऱ्याचा कैवार वाटेल, म्हणून आयव्हीची सही घ्यायला तिच्याकडे गेलो. मंगळवार होता, हे तिच्या दारात उभा राहिल्यावर लक्षात आलं.

तिने बूट काढायला स्टूल पुढे केलं, चहा ठेवला. मी पत्र वाचून दाखवलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. "शेवट हाच या कादंबरीचा प्राण आहे" या वाक्यावर ती म्हणाली, "भाऊ, हे पाठवू नका."

"का?"

"पाठवू नका, सांगते ना मी. लोक विसरतात. लेट इट गो."

"आयव्ही, तिला गोंधळलेली म्हटलंय त्याने. छापून."

ती बराच वेळ गॅस पुसत राहिली. गॅस स्वच्छ होता. मग म्हणाली, "सुनंदा गोंधळलेली नव्हती. ते पुस्तक असं नाहीच आहे."

"म्हणजे?"

"प्रकरणं मागेपुढे झालीत. ऑल मिक्स्ड अप. तिने मला अख्खी गोष्ट सांगितली होती, इथे बसून, एकेक मंगळवार. लिहायच्या आधी ती बोलून बघायची."

मी पुस्तक उघडलं, अनुक्रमणिका काढली. अंगण, ओसरी, कोठी, खिडकी. आणि तेव्हा मला दिसलं. अ, ओ, क, ख. ज, त, द. म, श, स. कॉम्प्युटरने बाराखडीने लावलं होतं. शब्दकोशासारखं. मी, आयुष्यभर धातूंचे नमुने तपासलेला माणूस, वेलांट्या तपासत बसलो होतो.

खाली मान घालून मी म्हटलं, "खरा क्रम सांग."

"कशाला, भाऊ? आता छापून झालं. शेवट पण छान आहे की. हॅपी आहे."

"आयव्ही, क्रम सांग."

तिने स्वतःसाठीही चहा ओतला आणि माझ्या समोर न बसता बाजूच्या खुर्चीत बसली. नर्स लोक वाईट बातमी सांगताना असंच बसतात.

"पहिलं स्वयंपाकघर," ती म्हणाली.

मी अनुक्रमणिकेतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"नवं लग्न झालेलं. तो म्हणतो मीठ बरोबर आहे, ती हसते. तिथून सुरू. मग देवघर. मग शेजघर, तिथे ती रात्री ओरडते आणि तो उठून खिडकी लावतो आणि झोपतो, त्याला वाटतं बाहेरून आवाज आला. मग कोठी, जिना. दिवे विझायला लागतात. तिला वाटतं भूत आहे, त्याच्या आधीच्या बायकोचं वगैरे. ती शोधत माळ्यावर जाते, तळघरात जाते. कुणी नाही. मग ती बाहेर उभी राहून खिडकीतून आत बघते. तो जेवतोय. तिचं ताट समोर वाढलेलं आहे, ती तिथे नाही, आणि त्याला कळलेलं नाही. तेव्हा तिला समजतं भूत कोण ते."

"कोण?"

"तीच, भाऊ. ती मेलेली नाही. जिवंतच आहे. पण त्या घरात तिला कुणी बघत नाही, म्हणून हळूहळू ती दिसेनाशी झाली. दिवे तो मालवतो, काटकसरीने. ती खोलीत आहे हे त्याला दिसतच नाही."

चहा तसाच होता. ती पुढे सांगत राहिली, आता थांबणं तिलाही जमत नव्हतं. "मग ती ओसरीत सामान बांधून बसते. तो येईल, विचारेल कुठे निघालीस. तो येतो आणि दिवा मालवून झोपायला जातो. मग अंगण. ती बर्फातून थोडं चालून बघते आणि आपल्याच पावलांवर पाय ठेवत परत येते, म्हणून एकच ओळ दिसते. आणि शेवटी दार."

"ती जाते."

"जाते. आणि तो तसाच दिवे मालवत फिरतो. चारपाच दिवसांनी जेवायला बसतो आणि समोर बघून म्हणतो, मीठ कमी आहे. दॅट्स द एंड."

बाहेर बर्फ काढणारी गाडी जात होती.

"म्हणून मी म्हणत होते," आयव्ही म्हणाली, "राहू द्या तसंच. लोक तुम्हाला ओळखतात."

मी म्हटलं, "मला? माझा काय संबंध? ती गोष्ट आहे."

आयव्हीने माझा कप उचलला आणि गार चहा सिंकमध्ये ओतला.

२६ जानेवारी

पत्र फाडलं.

कादंबरीतला माणूस वाईट नाही. मारत नाही, पीत नाही, ओरडत नाही. घर सांभाळतो. वीज वाचवणं हा काही गुन्हा नाही.

३ फेब्रुवारी

काहीही करायचं नाही असं ठरवलंय. पुस्तकं वाटून झाली. क्रम चुकला हे जगात दोघांनाच माहीत आहे आणि आयव्ही बोलणार नाही. या वयात नवीन उद्योग उगाच कशाला?

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मागची पानं चाळली नाहीत. चाळायची भीती वाटते.

११ फेब्रुवारी

आज ती कादंबरी मी पहिल्यांदा वाचली. पुस्तकाची शिवण उसवली, प्रकरणं सुटी केली, आयव्हीने सांगितली तशी लावली आणि सकाळपासून वाचत बसलो.

कशाला ओसरी आणि कोठी, तेही समजलं. परक्या घराला ती आपल्या शब्दांनी हाका मारत होती, म्हणजे ते तिचं होईल. जिन्यापर्यंत ती एकेक नाव लाडाने घेते. तळघरापासून नावं घेणं सोडते, नुसतं 'इथे' म्हणते. बाराखडीत हे सगळं विस्कटून गेलं होतं. नंदनला काय दिसणार? मलाच दिसलं नाही.

जिन्याच्या प्रकरणात एक जागा आहे. बाई म्हणते, आपण एकदा समुद्र बघायला जाऊ, हॅलिफॅक्सला. नवरा पायरीवर उभा राहून म्हणतो, "उगाच कशाला? पाणीच बघायचं तर इथे लेक आहे की." आणि दिवा मालवतो, आणि ती अंधारात अर्ध्या जिन्यात उभी राहते.

हे वाक्य कल्पनेतलं नाही. हे मी म्हटलं होतं. कधी, ते आठवत नाही, पण आवाज माझा आहे. आधीच्या वेळी मी त्या पानावर 'हॅलिफॅक्स'चा ऱ्हस्व इकार तपासला होता आणि पुढे गेलो होतो.

मग मी रडलो. ती गेली तेव्हा असा रडलो नव्हतो. तेव्हा लोक होते, विधी होते, संजय होता. आज जेवणाच्या टेबलावर अकरा प्रकरणं आणि मी. मला तिला सांगायचं होतं की मला तू दिसत होतीस. पण कुठल्या तोंडाने सांगणार? ती ज्या टेबलाशी हे लिहीत होती त्याच्याच दुसऱ्या टोकाला मी पेपर वाचत असायचो.

१४ फेब्रुवारी

तीन दिवस हाच हिशेब मनात चाललाय. खरा क्रम लावला तर सुनंदा लेखिका ठरते. आणि तो माणूस कोण ते मंडळात सगळ्यांना कळतं. प्रस्तावनेत 'घरच्या पानाकडे' लिहिणारा शहाणा तो हाच. संजयलाही कळेल. त्याला बहुतेक आधीच ठाऊक असेल, मुलांना दिसतं.

न लावला तर ती गोंधळलेली बाई राहील आणि मी बिचारा विधुर, ज्याने बायकोचं पुस्तक प्रेमाने छापलं. लोक मला डबे आणून देतात. गेल्या आठवड्यात कुणीतरी साबुदाण्याची खिचडी देऊन गेलं.

आणि मिठाचं ते पान शेवटी राहील. ते मला पाहिजे आहे. खोटं आहे हे कळूनही पाहिजे आहे. ते गेलं की माझ्याकडे दुसरं काय उरतं?

आयव्हीला फोन केला. म्हटलं, तिला काय हवं असतं? आयव्ही म्हणाली, "भाऊ, हे तुम्ही मला विचारताय. तिला विचारलं असतं तर बरं झालं असतं." मग लगेच म्हणाली, सॉरी, सॉरी. मी म्हटलं, सॉरी नको, बरोबर बोललीस.

१६ फेब्रुवारी

नंदनला नवीन क्रमाची फाइल पाठवली. या वेळी प्रत्येक प्रकरणाआधी आकडा घातला. माझी प्रस्तावना काढून टाकली. सोबत लिहिलं: "क्रमाची चूक माझी. लेखिकेची नाही. वेळ मिळाल्यास पुन्हा वाचावे." तो वाचेलच असं नाही. एकदा निराश केलेलं पुस्तक पुन्हा कोण हातात घेतं?

२७ फेब्रुवारी

नंदनकडून काही नाही. संजयला खरं सांगितलं. तो म्हणाला, "आई यूज्ड टू टॉक टू मी अबाउट हॅलिफॅक्स." मी म्हटलं, मला नाही आठवत. तो म्हणाला, "आय नो, बाबा." रागाने म्हणाला असता तर सोपं गेलं असतं.

४ मार्च

दुपारी नंदनचा फोन आला.

"हेमकाका, मी दोनदा वाचली," तो म्हणाला. "मी माफी मागायला फोन केलाय. पुढच्या अंकात नवीन परीक्षण लिहितोय. हे वेगळंच पुस्तक आहे."

मी म्हटलं, "चांगलं आहे का? खरं सांग. मी तिचा नवरा म्हणून विचारत नाही."

मुलगा प्रामाणिक आहे. "अजूनही पूर्ण जमलेलं नाही, काका. देवघर लांबलंय. तळघर कच्चं आहे, तिथे काकू स्वतःच घाबरून लवकर वर आल्यासारख्या वाटतात. पहिलं पुस्तक आहे ते कळतं. पण हात आहे. दुसरं लिहिलं असतं ना, तर… काकूंचं अजून काही आहे का? कथा, टिपणं, काही?"

"नाही."

"अरेरे. इतक्या उशिरा का सुरू केलं त्यांनी?"

मी म्हटलं, "दिवसा लॅब होती. संध्याकाळी स्वयंपाक. आणि कुणी लिही म्हटलं नाही."

तो हळहळला. त्याची हळहळ खरी होती, आणि ती ऐकताना मला पहिल्यांदा नीट उमगलं की काय गेलं. मी आजवर बायको गेल्याचं दुःख करत होतो. एक लिहिणारी बाईही गेली होती, आणि तिचं दुःख करणारं कुणी नव्हतं.

"एक विचारू?" नंदन म्हणाला. "तो नवरा. त्याच्याबद्दल मला लिहायचंय. त्याच्यात दुष्टपणाचा लवलेश नाही, आणि तरी शेवटच्या पानावर तो मीठ कमी आहे म्हणतो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. असा माणूस रचणं फार अवघड असतं. कुठून आणला असेल हो काकूंनी?"

मला वाटलं होतं हा प्रश्न आला की मी फोन ठेवून देईन.

मी म्हटलं, "तिला लांब जावं लागलं नाही. तो घरातच होता."

मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "सॉरी काका. मला… हे मी लिहिणार नाही. आपल्या दोघांत राहील."

"नाही," मी म्हटलं. "लिही. माझ्या नावासकट लिही."